पोस्टग्रेसच्या पोटात शिरायचं असेल तर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलं मला पोस्टग्रेस या मुक्त-स्रोत डेटाबेसबद्दल हमखास एक गोष्ट विचारतात. "ताई, पोस्टग्रेसमध्ये काम करायचंय. एखादं छोटं फीचर सुचवा ना." कोणी धनकवडीला शिकत असतं, कोणी सांगली-लातूरहून येऊन कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत असतं. सी भाषा बऱ्यापैकी येत असते, उत्साहही खरा असतो. माझं उत्तर ऐकून मात्र बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. मी म्हणते, "फीचर राहू दे. आधी डेटाबेस बिघडवायला शिक."

यात थट्टा नाही. डेटाबेसच्या आत काम करणाऱ्याच्या डोक्यात सतत एकच प्रश्न घोळत असतो : कोडच्या या ओळीवर असताना लाइट गेली तर? गुरुवार हा दुरुस्तीचा वार, हे गृहीत धरून मिक्सर आणि वॉशिंग मशीनचं वेळापत्रक आखणाऱ्या पुणेकरांना हा प्रश्न परका वाटू नये.

पोस्टग्रेसनं काढलेला तोडगा जुन्या दुकानदारीतला आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो, खतावणी मग सवडीनं होते. खतावणीची वही भिजली तरी कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. २००१ साली आलेल्या ७.१ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये अशी कीर्द आहे. राइट-अहेड लॉग हे तिचं नाव, बोलताना सगळे 'वॉल' म्हणतात. नियम असा की बदललेलं पान (डेटा ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहिला-वाचला जातो तो तुकडा) डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची वॉलमधली नोंद डिस्कवर पोचलेली असलीच पाहिजे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एलएसएन नावाचा आकडा असतो. त्या पानाला शेवटचा हात लावणारी नोंद वॉलमध्ये कुठे संपते, ते त्यावरून कळतं.

एवढं परीक्षेपुरतं सगळ्यांना येतं. खरी गंमत पुढे आहे. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, ऑपरेटिंग सिस्टिमचं साधारणपणे ४ केबीचं. अर्धं लिहून झालं आणि वीज गेली, तर डिस्कवर निम्मं नवं, निम्मं जुनं असं धेडगुजरी पान उरतं. 'या पानावर अमुक जागी ही ओळ घाला' अशी वॉलमधली त्रोटक नोंद अशा पानावर लावून काहीच साधत नाही, कारण मुळात पान धड आहे असं ती धरून चालते. म्हणून चेकपॉइंटनंतर (बदललेली पानं डिस्कवर उतरवायचा अधूनमधून येणारा टप्पा) एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की ते अख्खं पानच वॉलमध्ये उतरवतात. हेच ते फुल पेज राइट्स. वॉल एवढा फुगतो कसा, म्हणून डेटाबेस सांभाळणारे डीबीए लोक ज्याच्या नावानं बोटं मोडतात ते हे प्रकरण. ते बंद करायची सेटिंगही आहे. ती बंद करून "बघा, स्पीड वाढला" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

आता कोडकडे. सोर्समध्ये बॅकएंडखाली अ‍ॅक्सेस आणि त्याखाली ट्रान्झॅम नावाचा फोल्डर आहे. त्यातली रीडमी फाइल प्रिंट काढून, पेन्सिल हातात घेऊन वाचा. पानात बदल करायचा क्रम तिथे दिलेला आहे. बफर (पानाची मेमरीतली प्रत) पिन करून, म्हणजे जागचा हलणार नाही असा धरून, त्यावर एक्सक्लुझिव्ह लॉक घ्यायचं, क्रिटिकल सेक्शन सुरू करायचं, पान बदलायचं, बफरवर 'डर्टी'ची, म्हणजे डिस्कवर लिहायचं बाकी असल्याची, खूण करायची, वॉलमध्ये नोंद घालायची, तिचा एलएसएन पानावर लिहायचा, क्रिटिकल सेक्शन संपवायचं, मग लॉक सोडायचं. क्रिटिकल सेक्शनच्या आत साधी एरर आली तरी तिचं पॅनिक होतं, म्हणजे सगळा सर्व्हर बसतो आणि वॉलवरून पुन्हा उभा राहतो. त्यामुळे मेमरी मागायची असेल तर ती आधीच मागून ठेवायची.

हा क्रम पाठ करण्यात अर्थ नाही. एकेक पायरी मागेपुढे केली तर काय फुटेल, ते वहीत लिहून काढा. समजा, डर्टीची खूण वॉलच्या नोंदीनंतर केली. वरवर पाहता काय बिघडलं? पण नोंद झाली आणि खूण व्हायची आहे, नेमक्या त्या फटीत चेकपॉइंट सुरू झाला. त्याला हा बफर डर्टी दिसला नाही, म्हणून त्यानं तो डिस्कवर लिहिला नाही. पुढे सर्व्हर कोसळला. रिकव्हरी सुरू होणार ती या चेकपॉइंटच्या सुरुवातीच्या जागेपासून, आणि आपली नोंद तर त्याच्या मागे राहिली. म्हणजे पानही गेलं आणि नोंद वाचायलाही कोणी जाणार नाही. कमिट झालेला, म्हणजे पक्का झालेला, व्यवहार हवेत विरला. दोन ओळींची अदलाबदल, एवढाच काय तो फरक, आणि तुमच्या लॅपटॉपवर तो बहुधा कधीच दिसणार नाही. असला दोष टेस्ट चालवून सापडण्यापेक्षा वाचून सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून मी वाचनावर एवढा जोर देते.

बिघडवण्याचा प्रयोग घरी होतो. सोर्स आणून डिबग आणि असर्शन (कोडनं स्वतःच करायच्या तपासण्या) चालू ठेवून बिल्ड करा. 'खातेदार' नावाचं टेबल करा, त्यात नाव आणि शिल्लक. शिल्लक साधी इंटिजर ठेवा. एकाच्या नावावर ५००० टाका. टेबलाची फाइल कुठे आहे ते सर्व्हरलाच विचारून घ्या, चेकपॉइंट मारा आणि सर्व्हर बंद करा. बंद करायला विसरलात तर पान शेअर्ड बफरमधूनच वाचलं जातं आणि फाइलमध्ये काहीही केलं तरी फरक दिसत नाही. सांगलीचा एक पोरगा यावरून मला म्हणाला होता, "ताई, पोस्टग्रेस लई भारी, काय केलं तरी बिघडतच नाही."

मग हेक्स एडिटरनं, म्हणजे बाइट षोडशमान आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं, फाइल उघडा. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर ५००० हा आकडा ८८ १३ ०० ०० असा उलटा बसलेला दिसेल. तिसरा बाइट शून्याचा एक करा, सर्व्हर चालू करा आणि सिलेक्ट मारा. चेकसम (पानातल्या मजकुरावरून काढून पानावरच लिहिलेला पडताळ्याचा आकडा) नसलेल्या क्लस्टरवर, म्हणजे एका सर्व्हरच्या सगळ्या डेटावर, शिल्लक निमूटपणे ७०५३६ येते. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. चेकसम असलेल्या क्लस्टरवर हेच केलंत तर पान वाचतानाच वॉर्निंग येते की मोजलेला चेकसम एक आणि पानावरचा भलताच, आणि पाठोपाठ त्या ब्लॉकचं पान अवैध असल्याची एरर. हा प्रयोग केलेल्या मुलाला डेटा इंटिग्रिटी म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे चेकसम ९.३ मध्ये, म्हणजे २०१३ साली आले. पानामागे १६ बिट, आणि हिशेबात पानाचा क्रमांकही मिसळलेला, म्हणजे धडधाकट पान चुकीच्या जागी जाऊन पडलं तरी पकडलं जातं. पण २०२५ च्या १८ व्या आवृत्तीपर्यंत ते आपोआप चालू नसत, मुद्दाम चालू करावे लागत. (१८ वर प्रयोग करणाऱ्यांनी उलट एक क्लस्टर मुद्दाम चेकसमशिवाय करायचं.) इतकी वर्षं ते बंद का होते, हा माझा मुलाखतीतला आवडता प्रश्न आहे. "मोजायला वेळ लागतो" हे उत्तर सगळे देतात, आणि ते अर्धंच आहे. नुसता सिलेक्ट मारला तरी पोस्टग्रेस पानावर लिहू शकतो. ही ओळ घालणारा ट्रान्झॅक्शन कमिट झालेला आहे, अशी एक छोटी खूण तो करून ठेवतो, पुढच्याला पुन्हा शोधाशोध नको म्हणून. तिला हिंट बिट म्हणतात. ती हरवली तरी पुन्हा करता येते, म्हणून एरवी तिची वॉलमध्ये नोंद नसते. चेकसम आले की एक बिट बदलला तरी चेकसम बदलतो, आणि अर्धवट लिहिलेलं पान मग कायमचं बाद ठरेल. म्हणून चेकपॉइंटनंतर पहिला हात हिंट बिटचा लागला, तरी अख्खं पान वॉलमध्ये घालावं लागतं. वाचण्याच्या कामाला लिहिण्याचा खर्च. इथपर्यंत स्वतःच्या पायांनी येणारा उमेदवार मला हवा असतो. मध्ये एकदोनदा अडखळला तरी चालतं.

जाता जाता एक. प्रोसेसला किल मायनस नाइन (प्रोसेस जागच्या जागी मारायची आज्ञा) देऊन "मी क्रॅश टेस्ट केली" म्हणू नका. त्यानं पोस्टग्रेसची स्वतःची मेमरी जाते, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये पडलेलं लिखाण सुखरूप राहतं. वीज जाण्याची नक्कल करायची तर आख्खं व्हर्च्युअल मशीन तडकाफडकी बंद करावं लागतं.

आणि चेकसमवर भाळूनही जाऊ नका. डिस्कवर जे लिहिलं तेच परत आलं, एवढीच तो ग्वाही देतो. मुळात चुकीचं लिहिलं असेल तर त्यावरही तो बरोबर चेकसम घालतो. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीनं अक्षरांचा क्रमच बदलला. जुन्या क्रमानं रचलेले इंडेक्स (ओळी झटकन शोधायच्या सूच्या) नव्या मशीनवर गेले आणि असलेल्या ओळी सापडेनाशा झाल्या. प्रत्येक पानाचा चेकसम ठीकच होता. पोस्टग्रेसच्याच १४ व्या आवृत्तीत टेबल चालू ठेवून इंडेक्स बांधण्याच्या सोयीत असा दोष होता की इंडेक्समधून नोंदी सुटू शकत. जून २०२२ मध्ये १४.४ काढून तो दुरुस्त केला. असले दोष पकडायला अ‍ॅमचेक नावाचं एक्स्टेन्शन आहे. २०१७ च्या १० व्या आवृत्तीत ते बी-ट्री इंडेक्स तपासायला आलं, १४ पासून टेबलही तपासतं. नव्या माणसानं सगळ्यात आधी कुठला कोड वाचावा असं विचाराल तर मी अ‍ॅमचेक सांगेन. धड पान कसं असतं, याची सगळी गृहीतकं त्यात एकेक अट म्हणून लिहिलेली आहेत.

२०१८ सालचीच एफसिंकची भानगड तर प्रत्येकानं अभ्यासावी. एफसिंक ('हे खरोखर डिस्कवर लिही' असं ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणं) फसलं की पोस्टग्रेस ते पुन्हा करून बघत असे. पण लिनक्स पहिल्या अपयशानंतर ती पानं स्वच्छ समजून मोकळा व्हायचा, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारलं की "झालं" असं उत्तर यायचं. डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसे. फेब्रुवारी २०१९ पासूनच्या आवृत्त्या एफसिंक फसताच सरळ पॅनिक करतात आणि वॉलवरून उभ्या राहतात. सर्व्हर पाडणं हाच सुरक्षित मार्ग, हे पचायला कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना वेळ लागतो.

आता पॅचचं, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाचं. वर्षातून पाच कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासायचे महिने, असतात : जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. तुम्ही पॅच टाकलात तर साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा, अशी अपेक्षा असते. मी म्हणते, आधी तपासा, आपला नंतर. सध्याच्या कोडवर पॅच लागतो का, वॉर्निंगशिवाय बिल्ड होतो का, मेक चेक-वर्ल्ड (सगळ्या चाचण्या चालवणारी आज्ञा) पार पडतं का, डॉक्युमेंटेशन आहे का, एवढं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं तरी ते कामाचं असतं. वॉलला हात लावणारा पॅच असेल तर वॉल कन्सिस्टन्सी चेकिंगची सेटिंग चालू करून रेप्लिकावर, म्हणजे मूळ सर्व्हरच्या वॉलवरून त्याची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर, चालवून बघा. रेप्लिकावर नोंद लावून तयार झालेलं पान मूळ पानाशी जुळतं का, ते ती तपासते. एवढं करणारे थोडे असतात, आणि म्हणूनच करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. उत्तर लगेच येईल अशी आशा नको. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा झालेले असतात. काही पॅच वर्ष-दोन वर्षं रेंगाळतात, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

पुण्यात या कामाची परंपरा आहे. व्हेरिटास या कंपनीमुळे इथे स्टोरेजवर वर्षानुवर्षं काम झालं, १९९० पासून पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, पोस्टग्रेसपुरतं बोलायचं तर त्यावरच काम करणाऱ्या एंटरप्राइजडीबी कंपनीचं ऑफिस इथेच आहे. तरीही फ्रेशरला थेट आतल्या कोडवर घेणाऱ्या जागा मोजक्याच. बहुतेकांची सुरुवात सपोर्टला किंवा टेस्टिंगला होते, आणि घरी फोनवर ते सांगताना आवाज पडतो. पडू देऊ नका. मोडलेली पानं सर्वात आधी सपोर्टच्या टेबलावर येतात. रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाचा क्लस्टर उठत नाही, पानं आणि वॉल वाचून दाखवणारी पीजी-फाइलडम्प आणि पीजी-वॉलडम्प ही साधनं उघडून कुठल्या नोंदीपाशी गाडी अडली ते शोधायचं आहे, आणि समोरचा म्हणतोय की झीरो डॅमेज्ड पेजेस (मोडकी पानं सरळ शून्यानं भरणारी सेटिंग) चालू करून टाकू का. त्याला "थांबा, आधी फाइल-कॉपी काढा" म्हणायला शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. आमच्या टीममध्ये आतलं काम उत्तम करणारे बरेच जण याच वाटेनं आले.

यंदाच सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबरचा कमिटफेस्ट गाठा. दिवाळीत गावी जाण्याआधी बिल्ड करून ठेवा, वर सांगितलेली रीडमी सोबत न्या. मार्चचा कमिटफेस्ट पहिल्या वर्षी टाळलेला बरा. त्या आवृत्तीसाठी तो शेवटचा असल्यानं सगळे घाईत असतात, आणि तुमच्या सबमिशन्सही नेमक्या त्याच सुमारास असतात.