नशीब की जमीन? आपल्याच गल्लीत गरिबी-श्रीमंतीबद्दल विचारायचं कसं

पहिलं म्हणजे "विषमता" हा शब्द तोंडातनं काढूच नका, तो ऐकला की समोरचा सावरून बसतो आणि भाषणातलं काहीतरी सांगायला लागतो. वहीत दहा पायऱ्यांची शिडी काढा, वर सगळ्यात चांगलं चाललेले, खाली सगळ्यात हाल असलेले, आणि विचारा तुम्ही कुठल्या पायरीवर? आयएसएसपी नावाचा सर्व्हे १९८७ पासून दर काही वर्षांनी बऱ्याच देशांत याच विषयावर होतो, त्यातही अशी शिडी असते. बरेच लोक मधल्याच पायऱ्यांवर बोट ठेवतात, दोन एकर ऊसवालाही आणि आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री असलेलाही, कारण माणूस शेजाऱ्याकडं आणि पाहुण्यांकडं बघून स्वतःला मोजतो. म्हणून लगेच विचारा, कुणाकडं बघून ही पायरी सांगितली? माझ्या मते खरी माहिती इथंच मिळते.

मग वरचे वर कसे गेले आणि खालचे खाली का राहिले, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. उत्तरं सुचवू नका. "नशीब" म्हणाले तर थांबू नका, कुठल्या साली काय झालं होतं ते विचारा, मग कळतं की कुणाचं आजारपण होतं, कुणाचं कर्ज, आणि म्हाताऱ्या माणसांकडून हमखास कुळाच्या जमिनीचं निघतं. कर्नाटकात १ मार्च १९७४ ला कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कसणाऱ्यानं फॉर्म नंबर सात भरून हक्क मागायचा होता, ज्यानं भरला त्याची नातवंडं आणि ज्याला ते कळलंच नाही त्याची नातवंडं आज एकाच गल्लीत राहतात, पण शिडीवर लांब लांब.

आमच्याकडं आणखी एक उत्तर ठरलेलं, "कन्नड येत नाही म्हणून मागं राहिलो". ते खोटं नाही, १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात गेल्यापासून हा भाग ते सोसतोय, ऑफिसातला कागद वाचता न येणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. पण पुढचं पण विचाराच, तुमच्याच शाळेतला, तुमच्याच भाषेचा कोण पुण्याला गेला आणि कोण वडगावात मागावर बसला?

जातीबद्दल थेट विचारलं की "आता तसं काय राहिलं नाही" एवढंच मिळतं, निदान मराठा घरातल्या मला तरी, म्हणून मी विचारतो भाड्यानं खोली बघायला गेल्यावर घरमालकानं आधी काय विचारलं. तिथं आवाज बदलतो.

निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांशी बोलायचं तर घरी जा, कारखान्यात मालकाच्या माणसासमोर नको. हजार बिड्यांना किती मिळतात, किती मिळायला पाहिजेत आणि छाट म्हणजे खराब म्हणून किती बाजूला काढतात, तिन्ही विचारा, आणि जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करत बसू नका. त्याच घरातल्या सुनेला मात्र वेगळं गाठून विचारा, सासू समोर असताना ती सासूचंच उत्तर देते.