टोरंट लावलं की प्रोसेसर शंभरावर? आधी खाणारा कोण ते बघा

टोरंट क्लायंट, म्हणजे टोरंट उतरवणारा प्रोग्रॅम, प्रोसेसर खातोय म्हटलं की जो तो एकच सांगतो: कनेक्शन कमी करा. मीही केली. क्यूबिटटोरंट या माझ्या क्लायंटमधली मूळची ५०० कनेक्शनं २०० वर आणली, मग ८०, शेवटी ३०. वेग पार झोपला, पण माझी रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) तापायची ती तापतच राहिली.

रीचेक चालू असेल तर आधी तो संपू द्या. रीचेक म्हणजे उतरवलेल्या फाइलींची फेरतपासणी; त्यात सगळा डेटा वाचून प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढला जातो, तेव्हा प्रोसेसर चढणारच. मग नेहमीचं डाउनलोड चालू ठेवून लिनक्सवर टॉप ही आज्ञा, विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा आणि सर्वात जास्त प्रोसेसर कोण खातोय ते बघा.

क्लायंट सोडून दुसरंच नाव वर दिसलं तर क्लायंटची सेटिंग्ज चिवडू नका. विंडोजवर तिथे बहुतेकदा अँटिव्हायरस असतो. अर्धवट फाइलींचं फोल्डर वेगळं करा आणि तेवढंच तपासणीतून वगळा. पूर्ण झालेल्या फाइली तपासल्या गेल्याच पाहिजेत. माझ्याकडे वर होतं माउंट.एनटीएफएस. मी ते कितीतरी दिवस बघत होतो आणि काहीतरी सिस्टिमचं असेल म्हणून सोडून देत होतो.

भानगड अशी: बाहेरची डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल-पद्धतीची, असेल तर बऱ्याच लिनक्सवर ती एनटीएफएस-३जी नावाच्या प्रोग्रॅममार्फत चालते. हा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर असतो, त्यामुळे प्रत्येक वाचन-लेखनाला कर्नलमधून बाहेर आणि परत आत असा हेलपाटा. टोरंटचा डेटा १६ केबीच्या ठोकळ्यांनी येतो, तोही क्रम सोडून. लहान प्रोसेसरचा यातच जीव जातो.

उपाय दोन. कर्नल ५.१५ किंवा पुढचा असेल तर त्यात एनटीएफएस३ हा आतला ड्रायव्हर असू शकतो, डिस्क त्याने माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडा. पण ती डिस्क विंडोजला कधीच लावत नसाल तर सरळ फॉरमॅट करून ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या फाइल-पद्धतीची, करा. माझं मत यालाच.

फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, हे तुम्हाला माहीत आहे. लिनक्स डिस्कना देतो ती एसडीए आणि एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं. दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या, मी कालच्या नावावर विसंबलो आणि बॅकअपचीच डिस्क पुसली. डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके ही आज्ञा ‘lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL’ अशी चालवून मॉडेल आणि सीरियल नंबर बघा, जमलं तर दुसरी डिस्क उपसूनच ठेवा.

डेटा परत आणल्यावर डिस्क यूयूआयडीने (रीबूटनंतरही न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने), जुन्याच जागी माउंट करा. फोल्डरची मालकी क्लायंट ज्या युजरखाली चालतो त्याला द्या; ईएक्सटी४ परवानग्या काटेकोर पाळतं. आणि क्लायंटने ‘फाइली सापडत नाहीत’ अशी बोंब मारली तर घाईने रीचेक दाबू नका. आधी डिस्क माउंट झालीय का बघा. नसेल तर क्लायंट त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मेमरी कार्डावर, सगळं नव्याने उतरवायला घेईल. माझं कार्ड असंच तुडुंब भरलं होतं.

एवढं करूनही क्लायंटच वर दिसत असेल तर म्यूटीपी बंद करून फक्त टीसीपी ठेवा; डेटा पाठवायच्या या दोन पद्धती. म्यूटीपी यूडीपी या साध्या, हिशोब न ठेवणाऱ्या पद्धतीवर चालतं, त्यामुळे डेटाच्या पाकिटांचा हिशोब क्लायंटला स्वतः ठेवावा लागतो. टीसीपीचं ते काम कर्नल करतो. मात्र म्यूटीपी इतरांच्या वापरासाठी आपण होऊन मागे सरतं, टीसीपी तितकं सरत नाही. म्हणून अपलोडला मर्यादा घाला, नाहीतर घरातले ओरडतील.

‘पूर्ण झाल्यावर रीचेक’ बंद करा. क्लायंटची खिडकी उघडी ठेवत असाल तर तिचा रिफ्रेश १५०० वरून ५००० मिलिसेकंदांवर न्या. स्क्रीनच नसेल तर क्यूबिटटोरंट-नॉक्स ही बिनखिडकीची आवृत्ती वापरा.

कनेक्शन? २०० ठेवा. डीएचटी (क्लायंटनी आपसात पत्ते शोधायची सोय) बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याचा भार किरकोळ असतो आणि ट्रॅकर, म्हणजे पत्ते देणारा सर्व्हर, मेला की पीअर, म्हणजे तोच टोरंट वापरणारे इतर, तिथूनच मिळतात.