छंदातून धंदा शोधताना आधी कसब कुठे आहे ते पाहा

‘मला स्वयंपाकाची आवड आहे, काय सुरू करू?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण आवड फार मोठी आणि मोघम असते. त्यापेक्षा एक वही घ्या आणि दोन आठवडे एवढंच लिहा: लोक आपल्याकडे कशासाठी येतात? शेजारीण चकली बिघडली म्हणून विचारायला येते, भाची ब्लाऊज सैल करून मागते, सोसायटीतले काका हिशेबाचा तक्ता करून द्यायला सांगतात. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी टिपा. हेच काम ते सध्या पैसे देऊन कुणाकडून करून घेतात का, आणि वर्षातून किती वेळा लागतं? पैसे कुणीच देत नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा. वर्षातून एकदाच लागणारं काम जोडधंदा म्हणून चालेल, त्यावर घर चालवणं कठीण.

उरलेल्या नोंदींतलं एकेक काम सुटं करून पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

चकलीचंच घ्या. भाजणी, उकड, सोऱ्यातून पाडणं, तळणं, भरणं असे तिचे पाच टप्पे. तळण्यात सर्वाधिक वेळ, तेल आणि गॅस जातो, वाटेत चकली मोडते, महिन्याभरात खवट वास येऊ लागतो आणि मागणी दिवाळीपुरती. लोकांचं अडतं मात्र भाजणीपाशी. तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ यांना भाजायला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजावं लागतं. हे ज्याला जमतं त्याने चकली विकण्याऐवजी भाजणी विकावी. थालीपिठाची भाजणी तर बारा महिने खपते आणि कुरिअरने पाठवली तरी मोडायचा प्रश्न नाही. शिवणकामातही तसंच. नवीन ब्लाऊजला माप, अस्तर, ट्रायल आणि फिटिंगवरून वाद. फॉल-पिको आणि अल्टरेशनला काम थोडं, पैसे लगेच, आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं.

आता हिशेब. समजा थालीपीठ भाजणीसाठी पाच किलो धान्य घेतलं. धान्य आणि धने-जिरे 420 रुपये, दळण 60, गॅस 50. निवडणं, भाजणं, गिरणीत जाणं, भरणं यांचे चार तास, तासाला 80 प्रमाणे 320. भाजताना ओल जाते, गिरणीत थोडं पीठ राहतं, त्यामुळे हाती साडेचार किलो येईल असं धरा. म्हणजे अर्ध्या किलोची नऊ पाकिटं. पाकीट आणि लेबल प्रत्येकी 10, एकूण 90. सगळे मिळून 940 रुपये, एका पाकिटाला सुमारे 105. किंमत 120 ठेवली आणि दुकानदाराने त्यावर 20 टक्के ठेवून घेतले, तर हातात 96 येतात. प्रत्येक पाकिटामागे तोटा! 150 ला विकलं तर 120 मिळतात. आपल्या भागातले दर घालून हा हिशेब स्वतः मांडा. आपली मजुरी त्यातून कधीही वगळू नका. ‘घरीच तर करते’ म्हणत बरेच गृहउद्योग वर्षभर फुकट राबतात.

मग चाचणी. दहा-पंधरा किलोपुरतंच धान्य आणा. भांडी, यंत्र, छापील खोकी यांवर अजून एक रुपया घालू नका. नातेवाइकांना फुकट वाटून मिळालेलं कौतुक मोजायचं नाही. वीस घरांना पूर्ण किमतीत विका आणि सहा आठवडे थांबा. पाच-सहा घरांनी आपणहून पुन्हा मागवलं तर पुढे जा. कुणीच मागवलं नाही तर चव, किंमत की पाकिटाचा आकार, काय अडलं ते विचारा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

या वेळात स्वतःकडेही लक्ष ठेवा. चौथ्या घाण्यालाच कंटाळा येत असेल तर ते काम छंद म्हणूनच बरं.

माल बिघडण्याची कारणं साधी असतात. धान्य गरम असतानाच दळलं किंवा पीठ कोमट असतानाच पाकीट बंद केलं, तर वाफ आत अडकते, गुठळ्या होतात, पुढे बुरशी धरते. गिरणीत आधी मिरची दळली असेल तर पूर्ण घाणा वाया जातो. गिरणीवाल्याशी बोलून सकाळची पहिली पाळी मागा.

चाचणीला नातेवाइकांबाहेर विकायला लागण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी करून घ्या. लहान उत्पादकाला ती कमी शुल्कात ऑनलाइन मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, कमाल किंमत, पत्ता, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. भाजणीत गहू असेल तर तेही स्पष्ट लिहा, काहींना गहू चालत नाही.