आक्रमक पिरान्हा पाळायचाय? आधी जात नीट निवडा

बरेच जण लाल पोटाचे पाच-सहा पिरान्हा आणतात आणि आठवड्याभरात वैतागतात, कारण ते दिवसभर मागच्या कोपऱ्यात चिकटून उभे राहतात आणि टँकसमोरून कोणी पटकन गेलं की घाबरून काचेवर आपटतात. माशांचा काही दोष नाही. रेड बेली, म्हणजे हाच लाल पोटाचा, थव्यात राहतो तो मुख्यतः स्वतःला वाचवायला, दोनच ठेवले तर त्यांचा श्वास जास्त जोरात चालतो आणि आठ असले की शांत असतात हे संशोधकांनी तपासून बघितलंय. जेवणाच्या वेळेला मात्र धुमाकूळ घालतात, तेवढंच बघायचं असेल तर रेड बेली उत्तम.

पण काचेवर बोट फिरवलं की बोटामागे येणारा, टँक आपल्या बापाचा समजणारा मासा हवा असेल तर सेरासाल्मस, म्हणजे पिरान्हांचाच दुसरा गट, त्यातला घ्या आणि एकटाच ठेवा. ऱ्होम्बियस म्हणजे ब्लॅक पिरान्हा यातला दादा, मोठेपणी डोळे लालभडक होतात आणि 40 सेमीपर्यंत जातो पण वाढ फार हळू, धीर लागतो. जागा कमी असेल तर याच गटातला सांचेझी बघा, तो बराच लहान राहतो. तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, एखादा ऱ्होम्बियस भित्रासुद्धा निघतो, म्हणून घेताना समोर खाऊ घालायला सांगा आणि जो पुढे येऊन खातो तोच उचला. पंख थोडे कुरतडलेले चालतात, परत येतात, पण डोळे ढगाळ किंवा पोट आत गेलेलं असेल तर सोडून द्या.

अजून एक, छोटा पाकू (पिरान्हासारखाच दिसणारा त्याचा भाऊबंद) रेड बेली म्हणून सर्रास विकला जातो. तोंड बघा, पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात टोकदार त्रिकोणी, पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे. पैसे देण्याआधी आपल्याकडे पिरान्हा पाळायला कायद्याने परवानगी आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि नकोसा झाला म्हणून नदी-तलावात सोडायचा विचार तर अजिबात नको.

मोठ्या ऱ्होम्बियसला काय किंवा रेड बेलीच्या थव्याला काय, सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद टँक धरून चाला, रुंदी कमी असेल तर माशाला नीट वळता येत नाही. रेड बेली घ्यायचे तर एकाच साइजचे आणि एकदमच सोडा, दोन-तीन ठेवले की दबका असतो त्याचा बळी जातो. पाणी 25 ते 28 डिग्री, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) शून्य, म्हणजे मासा आणण्याआधी महिनाभर तरी टँक सायकल करून घ्या, म्हणजे ही घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. फिल्टर चांगला दणकट कॅनिस्टर (टँकबाहेर बसणारा डबा-फिल्टर) लावा कारण हे खातात तेवढीच घाणही करतात, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. हीटरला गार्ड हवाच, नाहीतर वायर चावून ठेवतात. लाइट मंद ठेवा, एखादं लाकूड टाका, भित्रेपणा कमी होतो.

खायला सालीसकट कोळंबी, पांढऱ्या मासळीचे तुकडे, माकूळ. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, उरलेलं लगेच चिमट्याने काढा. जिवंत गोल्डफिश टाकायची हौस असते लोकांना, त्यातून रोग येतात आणि गोल्डफिशमधल्या थायमिनेज नावाच्या एन्झाइममुळे बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे नकोच. चिकन-मटणाची चरबीही त्यांना पचत नाही.

साफसफाई करताना मासा दुसऱ्या टोकाला आहे ना ते बघून मगच हात घाला, लांब दांड्याचा ब्रश असेल तर अजून बरं. भुकेला किंवा कोपऱ्यात अडकलेला असेल तेव्हाच खरा धोका, आणि रेड बेली काळे पडून तळात खड्डा करायला लागले की अंडी घालायची तयारी चाललीय, तेव्हा हात लांबच. हलवताना जाळी वापरू नका, दात अडकतात नाहीतर जाळी कापून निघतो, त्यापेक्षा मोठा डबा पाण्यात बुडवून त्यात हळूच हाकला आणि झाकण लावा. रेड बेली हाताळताना भुंकल्यासारखा आवाज काढतो, दचकून डबा सोडू नका.