तापातली आकडी: पुढे अपस्मार होईल का, हे कसे ओळखावे

इंदूरच्या मराठी घरांत जिला आकडी म्हणतात तिला दवाखान्यात ‘झटका’ किंवा ‘दौरा’ म्हटले जाते, आणि त्यातच शेजारचे कोणी ‘मिर्गी’, म्हणजे अपस्मार, म्हणाले की आईवडिलांची झोप उडते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. तो अपस्मार नव्हे. अपस्मारात ताप नसतानाही झटके पुन्हा पुन्हा येतात.

पुढचा धोका आकडी कशी आली यावर बराच अवलंबून असतो, म्हणून ती येताच प्रथम घड्याळ पाहावे. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, आणि आजीने कितीही आग्रह केला तरी कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर १०८ क्रमांकावर फोन करावा. पहिलीच आकडी असेल तर ती थांबल्यावरही मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे, कारण मेंदूज्वर नाही याची खात्री व्हायला हवी.

घरातील दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण केले तर फार उपयोग होतो, कारण त्या क्षणी घाबरलेल्या आईला नेमके काय हलत होते हे आठवत नाही. आकडी पंधरा मिनिटांहून अधिक चालली का, शरीराच्या एकाच बाजूला होती का, चोवीस तासांत पुन्हा आली का, हे लिहून ठेवावे. यांपैकी काहीच नसेल तर ती साधी आकडी होय, आणि अशा मुलांत पुढे अपस्मार होण्याचे प्रमाण शेकडा एक ते दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते. यांतील लक्षणे असतील, मुलाचा विकास आधीपासून मागे असेल किंवा आईवडिलांना, भावंडांना अपस्मार असेल, तर धोका वाढतो, आणि अशा गोष्टी एकत्र आल्या की तो शेकडा दहापर्यंतही जातो.

सुमारे एकतृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, पण आकडी टळतेच असे नाही. तेव्हा औषध उशिरा दिले म्हणून आईला बोल लावू नये. साध्या आकडीनंतर सहसा ईईजीची (मेंदूतील विद्युतलहरींच्या तपासणीची) किंवा रोजच्या गोळ्यांची गरज नसते. मात्र ताप नसताना एकदाही झटका आला, तर मुलाला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.