अमेरिकेत कॉलेज सॉकरचे असिस्टंट कोच व्हायचंय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसए लीगचे सामने बघत मी वाढलो. कोच म्हणजे टचलाइनवर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस, हेच चित्र घेऊन मी अमेरिकेत शिकायला गेलो. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) संघाचा ग्रॅज्युएट असिस्टंट झालो. फी माफ आणि थोडा भत्ता, त्याबदल्यात कोचिंग. नंतर अनेक मराठी मुलांनी मला या वाटेबद्दल विचारलं. त्यांचं फुटबॉलचं ज्ञान चांगलं असतं. अडचण येते ती दुसरीकडेच.

मैदान म्हणजेच नोकरी, असं समजणं

एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या तीन डिव्हिजनपैकी वरच्या दोनमध्ये हंगामात खेळाडूला आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास, यापेक्षा जास्त सक्तीने राबवता येत नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा. सामना कितीही लांबला तरी तो ३ तासांचाच धरतात. म्हणजे मैदानावरचा वेळ आधीच मोजलेला. असिस्टंटचा उरलेला आठवडा व्हिडिओ कापण्यात, बस आणि हॉटेलच्या बुकिंगमध्ये, मुलांच्या मार्कांवर लक्ष ठेवण्यात आणि सगळ्यात जास्त रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू शोधून आणण्यात जातो.

हंगाम ऑगस्टच्या सरावाने सुरू होतो आणि डिसेंबरमधल्या कॉलेज कपला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला संपतो. रिक्रूटिंग मात्र बारमाही. शाळकरी मुलांच्या स्पर्धांना एकाच दिवशी चार-पाच मैदानांवर फिरावं लागतं. नवखा असिस्टंट गोल मोजत बसतो. त्यापेक्षा मुलगा वॉर्मअप कसा करतो, बाहेर काढल्यावर बेंचवर कसा बसतो, चूक झाल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करतो, हे टिपा. त्याच रात्री लिहून काढा, कारण सोमवारपर्यंत जर्सींचे सगळे क्रमांक डोक्यात एकमेकांत मिसळतात.

रिक्रूटिंगमधली सर्वांत महागडी चूक म्हणजे पैशांचा शब्द देणं. डिव्हिजन वनमध्ये अनेक वर्षं पुरुषांच्या अख्ख्या संघाला मिळून ९.९ आणि महिलांच्या संघाला १४ स्कॉलरशिप अशी मर्यादा होती, आणि त्या तुकडे करून वाटल्या जात. २०२५-२६पासून, खेळाडूंना पैसे देण्याबाबत कोर्टात झालेली नवी तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली, पण संघात २८च खेळाडू ठेवता येतात. म्हणजे आता नुसती जागासुद्धा मोलाची. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप मुळात नसतेच. आकडा सांगणं हे हेड कोचचं काम. तुमच्या तोंडून एखाद्या पालकासमोर गेलाच, तर त्याच दिवशी हेड कोचला सांगा आणि मग त्या घरी स्वतः फोन करा. तुम्ही ओघात बोललेल्या एका आकड्यावर त्या घरात महिनाभर हिशेब चालू असतो.

चांगुलपणात नियम मोडणं

आपल्याकडे नव्या मुलाला चहा पाजणं, गाडीवरून सोडणं ही साधी माणुसकी. तिथे तीच गोष्ट नियमभंग ठरू शकते. विद्यापीठ बघायला आलेल्या एका मुलाला मी भर पावसात माझ्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. नियमात ते बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कम्प्लायन्स ऑफिसमध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयात जाऊन सांगितलं, फॉर्म भरला, समज मिळाली आणि विषय मिटला. अशा छोट्या चुका बहुतेक वेळा तिथेच मिटतात. लपवलेली चूक उघडी पडली की मात्र प्रकरण अप्रामाणिकपणाचं होतं, आणि त्यातून पुढची नोकरी मिळणं अवघड होऊन बसतं.

दुसरा सापळा तारखांचा. डिव्हिजन वन सॉकरमध्ये मुलाचं दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनच्या आधी त्याच्याशी रिक्रूटिंगबद्दल बोलता येत नाही. नववीतल्या मुलाचे वडील फोन करतात, आवाजात आर्जव असतं, तुटक बोलवत नाही. तरीही नियम सांगायचा, कॅम्पची माहिती द्यायची आणि फोन ठेवायचा. फोनची नोंद त्याच दिवशी करा.

व्हिसाचा हिशेब उशिरा मांडणं

इथे आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात, म्हणून थोडं सविस्तर. एफ-१ या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. खेळाडूचे २० तास वेगळे आणि तुमचे वेगळे. शनिवारी बाहेरगावी सामना असला की प्रवासासकट तुमचे तास केव्हाच उलटून जातात. ‘बाकीचं मी हौसेने करतो’ हे उत्तर चालत नाही, कारण ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट करणंही धोक्याचं ठरतं. हंगामाआधीच कामाचे तास लेखी ठरवून घ्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला तो कागद दाखवा.

उन्हाळी कॅम्पचं प्रकरण आणखी फसवं. कॅम्प विद्यापीठाच्या मैदानावर भरतो, टी-शर्टवर विद्यापीठाचं नाव असतं, पण कॅम्प चालवणारी कंपनी बरेचदा हेड कोचची खासगी असते. तिच्याकडून पैसे घेणं म्हणजे कॅम्पसबाहेरची नोकरी. परवानगीशिवाय तो चेक हातात घेऊ नका.

पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीचे १२ महिने मिळतात, पण काम शिकलेल्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करून ओपीटीवर सॉकर शिकवता येत नाही. कोचिंग हेच ध्येय असेल तर स्पोर्ट्स अॅडमिनिस्ट्रेशन किंवा कायनेसिऑलॉजीसारखा (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) विषय प्रवेशाच्या वेळीच निवडा. घरच्यांना ही निवड पटवणं कठीण जातं, हे मला ठाऊक आहे. तरी ते आधीच करावं लागतं, नंतर वेळ नसते.

नियम ‘तोच फुटबॉल’ समजून चालणं

कॉलेजच्या सामन्यात घड्याळ ४५ मिनिटांवरून उलटं चालतं आणि गोल, कार्ड, दुखापत झाली की थांबतं. पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या हाफमध्ये परत येत नाही. दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येऊ शकतो. बेंचवर ही मोजदाद बहुधा असिस्टंटकडे असते. साखळी सामन्यांतला जादा वेळ २०२२पासून बंद आहे.

खेळाडूंसमोर हेड कोचपेक्षा गोड होणं

कमी वेळ खेळायला मिळालेला मुलगा तुमच्याकडेच येणार. ‘मी असतो तर तुला खेळवलं असतं’ हे एक वाक्य संध्याकाळपर्यंत अख्ख्या ड्रेसिंग रूममध्ये फिरतं. त्याचं ऐकून घ्या, त्याचे व्हिडिओ त्याच्यासोबत बघा, आणि हेड कोचला नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे त्याच्याकडून पक्कं करून घ्या.

फक्त डिव्हिजन वनचा पुरुष संघ शोधणं

डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे संघ दोनशेच्या आसपास, तर महिलांचे तीनशेहून जास्त. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या खेळांना जागा मिळाली त्याचं हे फळ. डिव्हिजन टू, थ्री आणि एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी, लहान संघटना) यांतही नोकऱ्या आहेत. थ्रीमध्ये कोचिंगला वसतिगृहाची किंवा दुसऱ्या खेळाची जबाबदारी जोडलेली असू शकते, तेव्हा जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

दर वर्षी शिडी बदलणं

बॉब ब्रॅडली २२व्या वर्षी ओहायो विद्यापीठाचे हेड कोच होते. तरीही पुढे व्हर्जिनियात ब्रूस अरीना यांचे असिस्टंट झाले आणि मग प्रिन्स्टनला गेले. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. नॉर्थ कॅरोलायनाच्या महिला संघात डेमन नाहास बरीच वर्षं हेड कोच अँसन डॉरन्स यांच्या हाताखाली होते. ऑगस्ट २०२४मध्ये हंगाम तोंडावर असताना डॉरन्स निवृत्त झाले. संघ नाहास यांच्याकडे आला आणि त्याच डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्टला १-० हरवून राष्ट्रीय विजेता ठरला. अशी संधी कुणालाही मागून मिळत नाही, पण इतक्या वर्षांत खेळाडूंची ओळख पक्की नसती तर चार महिन्यांत हे जमलं नसतं.

हेड कोच गेल्यावर गोठून बसणं

असिस्टंटचा करार बहुधा वर्षाचा असतो आणि नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो. हे वैयक्तिक नसतं, पण दुखतं. अशा वेळी रिक्रूटिंगची यादी लॅपटॉपवर उतरवून घेऊ नका, ती विद्यापीठाची असते. तुम्ही तयार केलेले सरावाचे आराखडे आणि व्हिडिओ विश्लेषणाचे नमुने मात्र पहिल्या वर्षापासून वेगळे जपा, आणि त्यात खेळाडूंची खासगी माहिती राहू देऊ नका. नवा माणूस येईपर्यंत उद्याचा सराव कोण घेणार, हे अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला, स्वतः जाऊन विचारा. मग ऑगस्टमध्ये येणार असलेल्या मुलांच्या घरी फोन लावायची परवानगी मागा. त्यांनी तुमच्या शब्दावर सही केलेली असते, आणि बातमी त्यांना आधीच मोबाइलवर कळलेली असते.