सणवार अन भन्नाट 'डे' पकडून दुकानाच्या पोस्ट कशा बनवायच्या

दिवाळीला सगळ्यांच्या स्टेटसवर तोच दिवा, तीच रांगोळी अन खाली दुकानाचा लोगो, ते कोणी वाचत नाही, बोट सरकवून लोक पुढे जातात. सण वापरायचा असेल तर नुसत्या शुभेच्छांनी भागत नाही, त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरात काय गडबड चालू आहे ते पकडावे लागते. नागपूरच्या सीताबर्डीतले साड्यांचे दुकान असो की घरून पापड-लोणचे विकणारी ताई असो, कोणालाही जमते, खर्चही फार नाही. फक्त महिनाभर आधी वही घेऊन बसा.

१. तारखा काढा, पण मागच्या वर्षीच्या नको

भिंतीवरचे पंचांगवाले कॅलेंडर समोर ठेवा. गणपती 2025 मध्ये 27 ऑगस्टला बसले, 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे थेट 14 सप्टेंबरला. जुनी पोस्ट तारीख न पाहता पुन्हा टाकली तर हसे होते. अन नागपुरात एक गोष्ट हमखास विसरली जाते, आपल्याकडे हिंदी बोलणारी घरे भरपूर आहेत अन त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून उपवासाची थाळी विकत असाल तर पहिली पोस्ट हिंदीत, दुसरी पंधरवड्याने मराठीत. एकाच थाळीला दोनदा मोका मिळतो, अजून काय पाहिजे!

२. दिवस अन माल जुळतो का ते पाहा

इंटरनेटवर रोज कसला ना कसला डे असतोच. सगळे धरायला गेलात तर पेज म्हणजे भंगारवाल्याची हातगाडी होऊन जाते. महिन्याला दोन-तीन पुरे. कसोटी सोपी आहे, दिवसाचा अन मालाचा संबंध एका वाक्यात घरच्यांना सांगून पाहा, समजावत बसावे लागले तर तो दिवस सोडून द्या.

29 जुलैला व्याघ्र दिन असतो. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला जवळ असल्याने नागपूरला टायगर कॅपिटल म्हणतात, त्यामुळे सफारीच्या गाड्यावाल्याला, टी-शर्ट छापणाऱ्याला हा दिवस आयताच मिळतो. पण "वाघासारखी मजबूत टाइल्स" असले काही करू नका बुवा. 21 मे हा संयुक्त राष्ट्रांचा चहा दिन, तेव्हा नागपूर भट्टीसारखे तापलेले असते अन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर असतो, तर चहावाल्याने लिहावे, "नवतपा चार दिवसांवर आला तरी कटिंग सुटत नाही ना?" लोक लगेच मित्राला टॅग करतात. संत्र्याला तर डे लागतच नाही, आंबिया बहाराची फळे थंडीच्या तोंडाशी अन मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, ज्यूसवाले अन बर्फीवाले यांना वर्षात दोन सीझन आयते मिळतात.

३. मारबत सोडू नका

बाहेरचे डे शोधत फिरतो आपण, अन जगावेगळा दिवस आपल्याच इतवारी-महालात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी अन पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीत निघतात, सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे जे त्रास झाले त्यांची टिंगल करणारे पुतळे, अन सगळे ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे हे. आता जाहिरात लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली तयार ओळ कुठे मिळणार? मोबाइल रिपेअरवाला म्हणू शकतो, "फुटलेली स्क्रीन घेऊन जा गे मारबत". पार्लरवाली म्हणेल, "कोंडा घेऊन जा गे मारबत". ट्यूशनवाले सर, "गणिताची भीती घेऊन जा गे मारबत". अन खरी मजा तर अशी की आदल्या आठवड्यात स्टोरीवर विचारायचे, तुमच्या घरातली कोणती पीडा पाठवायची? लोक धडाधड लिहितात, त्यातल्या पाच चांगल्यांची पोस्ट करा, लिहिणाऱ्याला विचारून. फक्त नेते, पक्ष, जात यात पडू नका, ते काम बडग्यांना करू द्या, त्यांना जमते ते.

त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. लाकडी बैल सजवणे, लेकरांचा ड्रेस, हे सगळे आयांना आठ-दहा दिवस आधी हवे असते. त्या दिवशी सकाळी पोस्ट टाकून राहिले तर समजा गाडी सुटली.

४. कुठे विकायचे नाही

दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, दर विजयादशमीला तिथे लाखो लोक येतात. त्या दिवसावर "धमाका सेल" चिकटवू नका. करायचेच असेल तर पाण्याची सोय करा, गाडी कुठे लावायची ते सांगा, बाहेरगावच्यांना उपयोगाचे ते लिहा. 6 डिसेंबर, मोहरम, गुड फ्रायडे यांच्यापुढे "हॅपी" लावायचे नाही हे तरी पक्के ठेवा. संक्रांतीच्या पतंगाच्या फोटोत नायलॉन मांजा दिसता कामा नये, त्यावर बंदी आहे अन दरवर्षी लोकांचे गळे कापले जातात.

५. बनवा अन पाठवा

फोटो स्वतःच्या दुकानातला, टेम्प्लेटमधला नको. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळत नाहीत, म्हणून रीलमध्ये स्वतःचा आवाज टाका, नागपुरी बोला, ते जास्त चालते. व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टमध्ये एक गोम आहे, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो, म्हणून बिल देतानाच सेव्ह करायला सांगा. स्टेटस 24 तासांत उडते, तेव्हा ऑफरची शेवटची तारीख त्यातच लिहा.

६. चालले की नाही

लाइक मोजून पोट भरत नाही. प्रत्येक पोस्टला एक शब्द ठेवा, जसे मारबतीच्या ऑफरला काउंटरवर "घेऊन जा" म्हटले की सूट. किती जण म्हणाले ते गल्ल्याजवळच्या वहीत पोस्टच्या तारखेसमोर लिहून ठेवा. जिथे दोन-चारच्या वर कोणी आले नाही तो दिवस पुढच्या वर्षी सरळ काटून टाका, अन जिथे गर्दी झाली त्याचा माल पुढल्या वेळी आधीच भरून ठेवा.